वाचकांचे प्रश्न : गावी घर बांधायचंय, परवानगी कुणाची घ्यायची?

मे महिन्याची सुट्टी गावी काढून मुंबईत परतलेल्या वाचकांच्या पत्रांत यंदा एकच विषय जास्त आहे: गावचं घर पाडून नवं बांधायचं किंवा मोकळ्या जागेत पहिल्यांदाच उभारायचं. जागा बहुतेक रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातल्या. जवळपास प्रत्येकाने नकाशा काढून घेतलाय, पण सातबारा नीट वाचलेला दिसत नाही. परवानगी मात्र सातबारावरच अडते. म्हणून खालच्या उत्तरांत नकाशापेक्षा सातबाराच जास्त आलाय.

लालबाग येथील वाचक : संगमेश्वर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. मातीच्या भिंतींची एक बाजू खचली आहे. पाडून चिऱ्याचं, स्लॅबचं घर बांधायचं आहे. सरपंच म्हणतात, ‘ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला देतो, कामाला लागा.’ तेवढ्यावर भागेल का?

घर गावठाणात असेल तर परवानगी ग्रामपंचायतच देते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली ते तिचं काम आहे. पण तेव्हासुद्धा घ्यायची ती बांधकाम परवानगी, म्हणजे सही-शिक्क्याचा नकाशा आणि त्यासोबतचं परवानगीपत्र. ना-हरकत दाखला ही वेगळी गोष्ट. ग्रामपंचायतीची हरकत नाही, एवढंच तो कागद सांगतो. बांधा, असं तो कुठेही म्हणत नाही.

घर गावठाणाबाहेर असेल तर अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. जिल्ह्यागणिक ते खाली प्रांत किंवा तहसील कार्यालयात दिलेले असतात आणि नकाशाची तपासणी जिल्ह्याचं नगर रचना कार्यालय करतं. तिथे सरपंचांचा दाखला हे फाइलमधलं एक पान असतं, त्याहून जास्त काही नाही.

कोकणात खरी गोची इथेच होते. घाटावर घरं गावठाणात एकवटलेली असतात. आपल्याकडे वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, आणि कित्येक महसुली गावांना जाहीर गावठाणच नाही. चार पिढ्या राहतोय म्हणजे गावठाणच असणार, असं समजू नका. साधी खूण अशी, की तुमच्या घराखालच्या जमिनीला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर आणि सातबारा असेल तर ती बहुधा गावठाणाबाहेर आहे. गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. तिथे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, असतं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली, तिथली पत्रकं अजूनही तयार होत आहेत. पक्कं पाहायचं तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या.

आणखी एक घोळ नेहमीचा. ‘आठ अ आणा’ म्हटलं की अर्धे लोक ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा घेऊन जातात. तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंद. महसूल खात्याचा गाव नमुना ८-अ वेगळा. तो तलाठ्याकडे, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे मिळतो आणि तुमच्या खात्यावर कोणकोणत्या जमिनी आहेत ते त्यात असतं. फाइलला दोन्ही लागतात. घरपट्टीचा उतारा घर जुनं असल्याचा पुरावा म्हणून कामाला येतो, मालकीचा पुरावा म्हणून नाही.

कौलं बदलणं, गिलावा, रंग, फरशी अशा कामांना परवानगी लागत नाही. तुमचं काम त्यातलं नाही. कौलांच्या जागी स्लॅब आला की ते नवं बांधकाम. आणि एक करा: जुनं घर पाडण्याआधी त्याचं मोजमाप घेऊन इंजिनिअरकडून नकाशा काढून ठेवा, चारही बाजूंचे फोटो घ्या, घरपट्टीचा ताजा उतारा काढा. एकदा जेसीबी फिरला की इथे किती फुटांचं जोतं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही, आणि पुढे तोच प्रश्न येतो.

कांदिवली येथील वाचक : राजापूरकडच्या आमच्या सातबारावर चौदा नावं आहेत. त्यातले पाच जण हयात नाहीत. आमच्या वाट्याची जागा सर्वांना माहीत आहे, वाद नाही. एक चुलतभाऊ पुण्यात असतो, तो सही द्यायला टाळतो. त्याच्याशिवाय परवानगी मिळेल का?

सामायिक सातबारावर एकट्याच्या अर्जाने परवानगी मिळत नाही. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. ‘सर्वांना माहीत आहे’ हे तोंडी वाटप, कार्यालयासाठी ते नसल्यातच जमा. संमती न जोडता फाइल पुढे सरकली आणि काम जोत्यापर्यंत आलं, तरी त्याच चुलतभावाच्या एका हरकतीवर ते थांबू शकतं. तेव्हा निम्मे पैसे चिऱ्यांत गेलेले असतात.

सुरुवात मयतांपासून करा. मृत्यू दाखले जोडून वारस नोंद घ्या. पाच जण गेले म्हणून नावं कमी होणार नाहीत, बहुधा वाढतीलच. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणीही वारस आहेत. त्यांना वगळून केलेला फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावांतला बदल, पुढे उलटतो. नावं पुरी झाल्यावर सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे खर्चाचं कारण उरत नाही. त्यानंतर पोटहिस्सा मोजणी करून तुमच्या वाट्याचा स्वतंत्र सातबारा निघतो. एकदा तो निघाला की घर तुमचं, सही तुमची.

चुलतभाऊ अडूनच बसला तर त्याला वगळून वाटप होत नाही. कलम ८५ चा अर्ज एकट्यानेही करता येतो, पण मालकीवरच वाद निघाला तर ते प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं आणि तिथे वेळेचा हिशोब करू नये. सह्यांसाठी गणपतीइतका चांगला मुहूर्त नाही. वर्षातून तेवढेच दिवस चौदाच्या चौदा घरं गावात असतात. फक्त वाटणीपत्राचा मसुदा मुंबईतच तयार करून न्या आणि दुय्यम निबंधक कार्यालय उघडं असलेला दिवस आधी पाहून ठेवा. विसर्जनानंतर पांगलेल्या माणसांना पुन्हा तालुक्याला बोलावणं फार जड जातं.

घाटकोपर येथील वाचक : गावाकडे ३२०० चौरस फुटांपर्यंत परवानगी लागत नाही असं ऐकलं. माझा प्लॉट तीन गुंठ्यांचा आहे. मग थेट काम सुरू करू का?

थांबा. ‘परवानगी लागत नाही’ हे अर्धंच खरं आहे, आणि तुमचा प्लॉट त्या अर्ध्यातही जेमतेम बसत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली आली. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून ती राज्यभर लागू आहे. त्यात लहान प्लॉटना सवलत दिली आणि २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी ती राबवायचं ठरलं. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंत असेल तर मालकीची कागदपत्रं, नकाशा, बांधकाम नियमांत बसतं असं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि शुल्क एवढं ग्रामपंचायतीकडे द्यायचं. त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंत असेल तर तेच कागद दिल्यावर दहा दिवसांत शुल्क कळवायचं आणि ते भरल्यावर छाननी न करता प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, द्यायचं. दोन्हीत कागद आणि पैसे आहेतच. सुटली ती नगर रचना कार्यालयाची फेरी.

आता तुमचे तीन गुंठे. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. तिनाचे झाले ३०३.५ चौरस मीटर. मर्यादा ३०० ची. साडेतीन चौरस मीटरने तुम्ही बाहेर. पण बोलण्यातला गुंठा आणि सातबारावरचा आर यांत फरक असतो. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहितात आणि एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. तिथे ०.०३.०० असं लिहिलं असेल तर क्षेत्र ३०० चौरस मीटर आणि तुम्ही आत. ०.०३.०४ असेल तर बाहेर. उतारा काढून शेवटचे दोन आकडे पाहा.

सवलतीत बसलात तरी सगळी जबाबदारी प्रमाणपत्र देणाऱ्या इंजिनिअरवर आणि तुमच्यावर येते. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडलं नाही, तर ‘छाननी झाली होती’ असं सांगायची सोय नाही. आणि ही सवलत किनारपट्टी नियमन क्षेत्र, पूररेषा किंवा वनजमीन यांवर मात करत नाही.

डोंबिवली येथील वाचक : आमची जमीन गावठाणापासून २०० मीटरच्या आत असल्याने तहसीलदारांनी कर भरून घेतला, चलन आणि सनद मिळाली. आता बांधकामाला हरकत नाही ना?

तुमची जमीन अकृषिक झाली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने तुमची वेगळ्या एनए परवानगीतून सुटका केली. पण एनए म्हणजे जमिनीच्या वापराची मोकळीक. बांधकामाची परवानगी त्यानंतर स्वतंत्र घ्यायची असते. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते, आणि प्लॉट विकणारेही ती होऊ देतात. सनदेची प्रत बांधकामाच्या फाइलला जोडा. आणि सातबारावर अकृषिक नोंद आली का ते पाहा. चलन भरलं पण फेरफार झाला नाही, अशी प्रकरणं बँकेत कर्जाच्या वेळी अडकतात.

परळ येथील वाचक : माझ्याकडे २० गुंठे शेतजमीन आहे. फार्म हाऊस बांधता येईल का? त्याला परवानगी सोपी असते म्हणतात.

नाही. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेतघरासाठी निदान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० आर धारणा हवी. तुमचे २० गुंठे त्याच्या निम्मे. शिवाय शेतघर हे प्रत्यक्ष शेती करणाऱ्यासाठी असतं. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरच्या वर जात नाही. त्याहून मोठ्या जमिनीत एकूण क्षेत्राच्या चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत किंवा ४०० चौरस मीटर, यांतलं जे कमी ते, आणि त्यातही राहायचा भाग १५० लाच थांबतो. जाहिरातीत ‘पाच गुंठ्यांचं फार्म हाऊस’ दिसलं की काय समजायचं ते समजून घ्या.

गिरगाव येथील वाचक : गुहागरजवळ समुद्रापासून दीडशे मीटरवर आजोबांचं घर आहे. तिथेच नवं, थोडं मोठं बांधायचं आहे.

‘थोडं मोठं’ यावरच सगळं अडेल. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारपट्टी नियमन क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे लोकसंख्येच्या घनतेवरून दोन भाग केले आहेत: २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं असतील तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, नसतील तिथे २००. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्यात पडतात, म्हणजे तुमचे दीडशे मीटर ना-विकास क्षेत्रातच धरून चाला. तिथे असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते, पण आहे तेवढंच जोतं, आहे तेवढंच चटईक्षेत्र. वाढ नाही.

म्हणून जुन्या घराचा पुरावा तुमच्यासाठी लाखमोलाचा. जितके जुने घरपट्टीचे उतारे मिळतील तितके ग्रामपंचायतीतून काढा. अंतर टेपने मोजून उपयोग नाही. भरतीरेषा म्हणजे पाणी आज जिथे दिसतं ती जागा नव्हे, ती मंजूर किनारपट्टी व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते. तुमचा गट नंबर त्या नकाशावर बसवून घ्या आणि मगच नकाशाकाराकडे जा. खाडीकाठच्या वाचकांनीही हेच करावं. समुद्र दिसत नाही म्हणून नियम सुटत नाही.

बोरिवली येथील वाचक : दोनदा फाइल परत आली. दर वेळी नवी त्रुटी काढतात. काय काय लागतं ते एकदाच सांगाल का?

त्रुटी काढणारा माणूस वेगळा असतो, पण त्रुटी बहुतेक त्याच असतात.

पहिली मोजणीची. ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेखचा हद्द कायम मोजणी नकाशा, नसेल किंवा जुना असेल तर फाइल तिथेच थांबते. १ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार आहेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २००० रुपये आणि द्रुतगतीला ८०००. अर्ज ई-मोजणीवर होतो. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, त्या दिवशी तुम्ही हजर राहायचं. झाडी वाढली असेल तर आधी रान साफ करा. हद्दीचे दगड दिसले नाहीत तर तारीख फुकट जाते. आणि पावसाळ्यात कोकणात मोजणी होत नाही असंच धरा. अर्ज जूनमध्ये टाका, माणूस दिवाळीनंतर येईल.

दुसरी रस्त्याची. नकाशात पोहोच रस्ता दाखवावा लागतो. पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, हा गाडीरस्ता धरत नाहीत. शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असाल तर त्याच्याशी नोंदणीकृत करार हवा. कित्येक जण तहसीलदारांचा कलम १४३ चा रस्ता आदेश जोडतात. तो बांधावरून शेतात जाण्यासाठी असतो, घराच्या परवानगीला पुरत नाही. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल तर इमारत रेषेचं, म्हणजे जिच्या अलीकडे बांधकाम आणता येत नाही त्या रेषेचं, अंतर रस्त्याच्या मध्यापासून मोजतात, काठापासून नाही. इथे दहाबारा फुटांची चूक सहज होते, आणि पुढची पडवी नकाशातून कापावी लागते.

तिसरी उताराची. १:५ पेक्षा तीव्र चढ, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटरहून जास्त चढाई, असेल तर त्या भागात बांधकाम बसत नाही. डोंगरउतारावरच्या प्लॉटचा समोच्च, म्हणजे चढउतार दाखवणारा, नकाशा आधीच काढा. नदीकाठच्या गावांत पूररेषा पाहा. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री यांच्या काठी २०२१ च्या जुलैनंतर याची तपासणी कडक आहे. पूररेषा दोन असतात: निळी नदीजवळची, तांबडी तिच्या बाहेरची, मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या आणि तांबड्या रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं तांबड्या रेषेच्या पातळीहून निदान ४५ सेंटीमीटर वर.

चौथी नकाशाकाराची. मुंबईतला ओळखीचा माणूस मुंबईच्या डीसीपीआर २०३४ च्या सवयीने नकाशा काढतो आणि गावी दुसरीच नियमावली असते. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदलेला आर्किटेक्ट कुठेही चालतो, पण इंजिनिअर त्या प्राधिकरणाचा परवाना असलेलाच लागतो. अर्ज बहुतेक ठिकाणी महावास्तु प्रणालीवरून ऑनलाइन जातो, तिथे परवाना क्रमांकाशिवाय फाइल चढतच नाही.

आणि पाचवी, जी जवळपास कुणाच्या लक्षात येत नाही: शौचकूप. नकाशात सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा दाखवा आणि विहिरीपासूनचं अंतर लिहा. १५ मीटरच्या खाली जाऊ नका, १८ असेल तर उत्तम. जांभ्यातून पाणी झिरपतं. ते शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागतं, म्हणून अंतर त्याच्याही विहिरीपासून धरा. टाकी निदान ७५ सेंटीमीटर रुंद, आतल्या पाण्याच्या पातळीखाली एक मीटर खोल आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट.

वडाळा येथील वाचक : प्रारंभ प्रमाणपत्र मिळालं, पण पैशांअभावी काम लांबलं. वर्ष उलटून गेलं तर परवानगी रद्द होते का?

प्रमाणपत्र एक वर्षाचं. त्यानंतर दर वर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत नेता येतं. पण मुदतीच्या आत काम जोत्यापर्यंत पोहोचलं असेल तर काम सुरू झालं असं धरतात आणि नूतनीकरण लागत नाही. पैसे कमी असतील तर निदान जोतं उरकून घ्या. जोतं झालं की थांबा आणि तपासणीचा अर्ज द्या. तपासणीचा शेरा येण्याआधी भिंती चढवल्या तर नकाशात आणि जागेवर पडलेला फरक निस्तरायला पाडकामाशिवाय वाट उरत नाही.

खोदलेला मुरूम किंवा माती प्लॉटबाहेर न्यायची असेल तर तहसीलदारांचा परवाना वेगळा घ्या. ट्रॅक्टर रस्त्यात अडवला तर दंड ट्रॅक्टरवाल्याला पडतो, पण वसूल तुमच्याकडून होतो. बांधकाम कामगार उपकर खर्चाच्या एक टक्का. स्वतःसाठीच्या घराचा खर्च पन्नास लाखांच्या (नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही मर्यादा दहा लाख होती) आत असेल तर तो नाही, तेव्हा अंदाजपत्रक जोडताना हे लक्षात ठेवा. काम पुरं झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्या आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत देऊन नमुना ८ ला नवी नोंद करवा. जुन्या मातीच्या घराची आकारणी तशीच चालू राहिली तर घरपट्टी कमी येते खरी, पण कागदोपत्री तुमचं नवं घर अस्तित्वातच नसतं, आणि महावितरणचं मीटर वाढवायला गेलात की तिथेच पहिला प्रश्न येतो.